डोळ्यातून आलेला शब्द

माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म हिंदी शिकवली. अर्धांगवायूचा झटका आला आणि साधे शब्दही त्यांना सोडून गेले. पाणी हवं असलं की नुसती बोटं हलवायचे नि चिडायचे.

एके सकाळी स्पीच थेरपिस्ट बाईंनी स्वतःचा चष्मा काढून त्यांच्यापुढे धरला. "बाबा, हे काय?"

त्यांचे ओठ थरथरले. मग डोळ्याला बोट लावून म्हणाले, "चश्म."

"डोळा नाही हो, माझ्या हातात काय आहे?"

बाबांनी मान हलवली, पुन्हा डोळा दाखवला आणि हळूच चष्म्यावर हात ठेवला. "चश्मा!"

माझे डोळे भरून आले. फारसीत चश्म म्हणजे डोळा. त्यावरून हिंदीत चश्मा आला, आपण त्याचा चष्मा केला. बाबांचा शब्द हरवला होता, पण त्याचं मूळ हाडीमासी खिळलेलं होतं. तिथूनच ते चालत आले होते.

मी हे सांगितलं तशा बाई थक्क झाल्या. "अहो, यांनी तर मलाच वाट दाखवली!"

बाबांचं लक्षच नव्हतं. ते स्वतःच्या मांडीवर थाप मारत म्हणत होते, "पाय... पाय... पायजामा!"