चौसष्ट नंबरचा उशीर

एका माणसाची नोकरी गेल्याबद्दल मी त्याचं तोंडभरून अभिनंदन केलं, आणि वर त्याची सहीसुद्धा घेतली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार शहाणपणा दाखवायला लागले की तुम्हाला हसता येईल.

बाबांच्या जपानमधल्या प्रयोगशाळेत एक खेळ चालायचा. नाव कागदी लीग. एका अमेरिकन पाहुण्या संशोधकाने तो आणला. तो परत गेला, पण आमच्या लोकांनी खेळ काही सोडला नाही. जपानमधले खरे बेसबॉल खेळाडू आपापसात वाटून घ्यायचे आणि प्रत्येकाने कागदावर एक संघ करायचा. तुमचा माणूस खऱ्या मैदानावर चमकला की तुम्हाला गुण. शिवाय प्रत्येकाकडे दोन ‘रोपं’ हवीतच. रोपं म्हणजे संघांच्या दुसऱ्या फळीतली, अजून वर न आलेली कोवळी मुलं. रोप वर आलं की दुप्पट गुण! सगळी मारामारी त्या रोपांवरून.

गोची अशी, की मोठे खेळाडू टीव्हीवर दिसतात, रोपांबद्दल मात्र फक्त जपानी पेपरात मुंगीएवढ्या अक्षरांत येतं. लीगमधले सातही जण डॉक्टरेटवाले, पण वाचता येतात ती स्टेशनांची नावं. मग वाचणार कोण? मी!

“या स्काउट-सान,” श्यामकांतकाका मला म्हणायचे. स्काउट म्हणजे नवे खेळाडू हेरणारा. काका लीगचे अध्यक्ष. वीस वर्षांपासून हिगाशी-कसाईत राहतात, जपानी फाडफाड बोलतात, वाचायची वेळ आली की चष्मा हरवतात. त्यांची बायको युमिकोकाकू जपानी आहे, तिला सगळं वाचता येतं, पण बेसबॉलचं नाव काढलं की ती उठून भांडी घासायला जाते. त्यामुळे माझं राज्य. दोन वर्षांपूर्वी, बारा वर्षांची असताना मी इथल्या शाळेत गेले, तेव्हा “बाथरूमला जाऊ का” हे वाक्य दहा वेळा मनात घोकून शेवटी विचारायचेच नाही. आणि आता, १९९८ च्या उन्हाळ्यात, माझ्या एका ‘हो’वर सात शास्त्रज्ञ माना डोलवत होते. डोक्यात हवा जाणार नाही तर काय?

महिन्यातले दोन शनिवार शाळेला सुट्टी असते. ओजिमाहून, म्हणजे आमच्या घराजवळच्या स्टेशनवरून, दोन गाड्या बदलून मी नदीकाठच्या एका मैदानावर जायचे. संघाचं नाव लिहीत नाही. तिथे तिकीट नाही, खुर्च्या नाहीत, गवताचा उतार आणि थर्मास घेऊन बसलेले तीन आजोबा. मी त्यांच्याशेजारी वही उघडून बसायचे.

माझी पद्धत सांगते. सरासरीवर माझा काडीचा विश्वास नाही. दुसऱ्या फळीत समोरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तोही कच्चाच असतो, त्याला झोडपून सरासरी फुगते. मी प्रत्येक चेंडू लिहायचे. कुठे आला, किती वेगात, आणि बॅटवाल्याने काय केलं. घरी येऊन शेवटी दहापैकी गुण द्यायचे. चेंडू मागच्या पानांवर, गुण पहिल्या पानावर. सगळे पहिलं पानच बघायचे.

चौसष्ट नंबर म्हणजे मुरोझोनो. कागोशिमाचा, बावीस वर्षांचा, संघात चौथं वर्ष. त्याला मी सहा गुण दिले होते. जूनमध्ये सराव संपल्यावर तो उताराजवळून जाताना थांबला.

“हे काय लिहितेस? दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं दिसतंय.”

“मराठी आहे. आमची अक्षरं लटकतात.”

“मी यातला कुठला कपडा?”

मी दाखवलं. त्याने बोटाने मोजलं. “चारच? मला वाटायचं माझं नाव लांबलचक आहे.” मग टोपी काढून म्हणाला, “इथे आत लिहून दे.” मी टोपीच्या आतल्या बाजूला पेनाने ‘मुरोझोनो’ लिहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, “मुरो, लग्नपत्रिका छापतोयस का?” आणि तो पळाला.

त्या संध्याकाळी मी सहा खोडून नऊ केले. मधल्या वेळात एकही चेंडू पडला नव्हता. हे मला तेव्हा दिसलं नाही, असं मी म्हणणार होते. पण दिसलं होतं.

मी बाबांना गळ घातली, बाबांनी त्याला रोप म्हणून घेतलं. “नऊ म्हणजे जास्तच नाही का गं?” त्यांनी एकदाच विचारलं. “बाबा, तुम्ही पॉलिमरचं बघा,” मी म्हटलं.

ऑक्टोबरच्या चौथ्या शनिवारी सकाळी मी स्टेशनाजवळच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, खेळाचा पेपर घेतला. खालच्या कोपऱ्यात त्याचं नाव! पुढे चार चित्राक्षरं: जियू-केइयाकु. शब्द मला चक्क आले. जियू म्हणजे स्वातंत्र्य, ते समाजशास्त्राच्या धड्यात होतं. केइयाकु म्हणजे करार. स्वतंत्र करार! त्या वर्षांत सगळीकडे त्याचीच चर्चा होती, मोठमोठे खेळाडू स्वतंत्र होऊन मनासारखा संघ निवडायचे, फुलांचे गुच्छ, फोटो. म्हणजे मुरोझोनो त्यांच्यातला झाला? माझा नऊ गुणांचा मुरोझोनो! दुकानातच मी एक उडी मारली.

मैदानावर पोचले तेव्हा तो साध्या कपड्यांत वसतिगृहाच्या फाटकाशी उभा होता, हातात खोकं. मी धावत जाऊन कमरेत वाकले आणि ओरडले, “ओमेदेतो गोझाइमास! अभिनंदन! आता तुम्ही स्वतंत्र!”

तो माझ्याकडे बघत राहिला. बाजूने जाणारे दोन खेळाडू जागीच थांबले. मग त्याने खोकं खाली ठेवलं, दोन्ही हात मांडीला चिकटवले आणि वाकून आभार मानले, “आरिगातो गोझाइमास.”

मी वही पुढे केली. त्याने सही केली. “तुम्ही अजून आहात ना इथे?” मी विचारलं.

“उद्या दुपारपर्यंत.”

अख्ख्या परतीच्या प्रवासात मी त्या सहीकडे बघून हसत होते.

संध्याकाळी लीगची बैठक काकांकडे. आई पुण्याला आजोबांच्या आजारपणासाठी गेली होती, म्हणून मी आणि बाबा दोघंच. काकूने पिठलं केलं होतं आणि शेजारी मिसो सूप, तिच्याकडे असंच असतं. मी उभी राहून पेपर फडकवला.

“सभासदहो! आमचं रोप स्वतंत्र झालं. आता बघा कुठला मोठा संघ त्याला उचलतो ते.”

“बघू बघू,” काका म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले. काकू हात पुसत आली, माझ्या खांद्यावरून तिने कोपरा वाचला.

“ओजू,” ती मला म्हणाली, “जियू-केइयाकु म्हणजे काढून टाकला.”

“नाही काकू, जियू म्हणजे—”

“हो, स्वतंत्र. पण स्वतःहून स्वतंत्र होतात ते वेगळे, ते मोठे लोक. हे क्लबने केलं. आता तू नको, असं. तोंडावर वाईट दिसतं, म्हणून चांगला शब्द.”

काका जे हसत सुटले! “अगं, मी साखर आणायला निघालो होतो! स्काउट-सानचं रोप मुळासकट उपटलं की! ” ते बाबांकडे वळले. “सदानंदराव, नऊ गुण होते ना हो त्याला?” सगळे हसले. वाईट मनाने नाही, आमच्याकडे असंच चालतं. दुसऱ्या कुणाची फजिती झाली असती तर मी सगळ्यात मोठ्याने हसले असते. पण माझ्या डोळ्यांपुढे ते दोन हात आले, मांडीला चिकटवलेले.

“मी त्याचं अभिनंदन करून आलेय,” मी म्हटलं. “आज. तोंडावर.”

काकांचं हसू अर्ध्यात थांबलं. काकूने कपाळाला हात लावला आणि जपानीत काहीतरी पुटपुटली. बाबा पहिल्यापासूनच हसले नव्हते. ते पिठल्याकडे बघत होते.

ओजिमा स्टेशनवरून घरी चालत येताना मी रडत होते. बाबा सायकलींच्या रांगेशी थांबले.

“आपल्याकडेही तसाच शब्द आहे. कार्यमुक्त.”

“म्हणजे?”

“म्हणजे मुक्त केलं. जा.” मग चष्मा पुसत म्हणाले, “मला सप्टेंबरात कळलं. मार्चपासून मीही कार्यमुक्त. प्रोफेसरांचा प्रकल्प संपला.”

“आईला माहीत आहे?”

“आहे.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तुझी सहामाही होती.”

मला इतका राग आला की रडू थांबलं. सहामाही! सप्टेंबरपासून मी या माणसासमोर रोज नाचत होते, पुढच्या वर्षी मला माझा स्वतःचा संघ द्या म्हणून. पुढच्या वर्षी!

“बाबा, तुमचं कुणी अभिनंदन केलं असतं तर?”

त्यांनी खरंच विचार केला. “मीही थँक यू म्हटलं असतं. दुसरं काय म्हणणार? तसं, सगळे ‘होईल काहीतरी’ म्हणतात, तेव्हाही मी थँक यूच म्हणतो.”

“मग काय म्हणायला हवं?”

“माहीत नाही गं. नीट विचारावं. आणि विचारलं तर खरं सांगावं.”

रविवारी सकाळी भुरभुर पाऊस होता. मुरोझोनो फाटकाशी उभा होता, पायाशी दोन बॅगा, हातात छत्री. मी वाकले ते वाकूनच राहिले.

“काल माझं चुकलं. मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता.”

“वाटलंच मला,” तो म्हणाला. “पण आठवडाभरात कुणी इतक्या आनंदाने बोललं नव्हतं. मलाही क्षणभर वाटलं, काहीतरी चांगलं झालंय.” त्याने डोक्यावरची टोपी दाखवली. “ही परत घेतली नाही त्यांनी. आत लिहून खराब केलीय म्हणाले.”

मला हसायचं की काय ते कळेना. “आता काय करणार?”

“दोन आठवड्यांनी एका संघाची चाचणी आहे. आणि गावाला मामाचा मासे सुकवायचा कारखाना. मामा म्हणतो, उद्यापासूनच ये.” त्याने माझ्या वहीकडे बोट केलं. “तुझ्या वहीत काय आहे माझ्याबद्दल?”

“नऊ गुण.”

“गुण नकोत. मागच्या पानांवर तू काहीतरी सारखी लिहीत असायचीस. चार वर्षं सगळे मला म्हणतात, आणखी थोडंसं. किती थोडं, ते कुणी सांगत नाही. वाच ना.”

मी पानं उलटली. अकरा शनिवार.

“आतल्या बाजूला आलेले वेगवान चेंडू अडतीस,” मी वाचलं. “नीट लागले तीन. हुकले एकवीस. बाकीचे मागे उडाले.”

“का?”

“बॅट येते तेव्हा चेंडू गेलेला असतो.”

“जूनमध्येही?”

“जूनमध्येही.”

त्याने छत्री मिटली आणि बॅटसारखी धरून पावसात उभा राहिला. “तू पिचर. हात फिरव, आणि चेंडू माझ्यापाशी पोचला की टाळी दे. वेग तुला पाठ असेल.”

पाठ होताच. मी हात फिरवला, टाळी दिली. मग छत्रीचा सूं आवाज आला. आधी टाळी, मग सूं. दुसऱ्यांदाही तसंच, आधी टाळी, मग सूं. त्याच्या टोपीवरून पाणी ओघळत होतं.

“शेवटचं,” तो म्हणाला.

मला टाळी उशिरा देता आली असती. अर्ध्या श्वासाचाच तर प्रश्न होता, त्याला कळलंही नसतं. तो हसत बॅगा उचलून चाचणीला गेला असता. मी हात फिरवला, आणि हात एकमेकांकडे येत असताना मला खरोखर, देवाशपथ, ते थांबवायचे होते.

टाळी वेळेवर वाजली. मग सूं.

“उशीर?” त्याने विचारलं.

“उशीर,” मी म्हटलं.

त्याने छत्री झटकली, उघडली, आणि माझ्या डोक्यावर धरली, कारण माझी मी गाडीत विसरले होते. स्टेशनपर्यंत आम्ही त्या एकाच छत्रीत चाललो. फलाटावर तो “आरिगातो” म्हणाला, फक्त तेवढंच, आणि पलीकडच्या गाडीत चढला.

तो चाचणीला गेला की थेट मामाकडे, मला माहीत नाही. महिनाभर मी रोज पेपर बघितला. घेतलेल्यांची नावं छापतात, न घेतलेल्यांची नाही. काकांनी त्याचं नाव यादीतून खोडायला सांगितलं. मी आधी पहिल्या पानावरचे नऊ खोडले आणि सहा लिहिले, मग नाव खोडलं.

काल जेवणानंतर बाबांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. चिबाच्या एका कंपनीची जपानी जाहिरात, संशोधक पाहिजेत. “वाच गं, स्काउट-सान,” ते म्हणाले. काम बाबांचंच होतं, अगदी त्यांच्यासाठी काढल्यासारखं, आणि माझा आवाज वाचता वाचता चढत गेला. शेवटून दुसऱ्या ओळीत वयाची अट होती, पस्तीस. बाबा एकेचाळीसचे आहेत.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ती ओळही वाचली.