पांढऱ्या पट्टीखालचा बैल

मी एक जुनी वही आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी भारी नकचढी आहे. कुणी थुंकी लावून पान उलटलं की मला मळमळतं. खरकटा हात लागला की अंगावर काटा येतो. आणि नशीब बघा माझं, जन्मभर तेच वाट्याला आलं!

तीस वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका बाइंडरने उरलेसुरले कागद शिवून, पाठीला चिकट काहीतरी थापून मला बांधलं. आठवीतल्या अर्जुनसाठी त्याच्या आईने, कमलाबाईंनी, मला विकत घेतलं. त्याने माझ्यात बेडकाची आतडी काढली, 'उत्तम' असा शेरा मिळवला आणि अर्ध्यातच मला टाकून दिलं. पुढची सगळी वर्षं कपाटात, झुरळांच्या शेजारात. शी! त्यांनी माझ्या कोपऱ्यात काय काय केलं, ते मी सांगणारसुद्धा नाही.

यंदा कमलाबाई लेकाकडे सिंगापूरला आल्या. कोरी पानं वाया जाऊ नयेत म्हणून नातीसाठी मलाही घेऊन आल्या. सेंगकांगमधला बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट, लख्ख फरशी, एसी. म्हटलं, सुटले बाई एकदाची! कसचं काय! दहा वर्षांच्या प्रियदर्शिनीने पहिल्याच दिवशी माझ्यावर शेंगदाण्याची चटणी सांडली. "सॉरी लाह," असं सिंगापुरी ढंगात म्हणत बोट चाटलं आणि तेच ओलं बोट माझ्यावर पुसलं.

तिच्या रविवारच्या मराठी वर्गात अनघाताई शिकवतात. त्यांना ऑफिसातल्या एका आयरिश मैत्रिणीने सांगितलं होतं, की पूर्वी तिच्या देशात शाळकरी मुलांनी वह्या घेऊन गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून काढल्या. भुतं, विहिरी, जडीबुटी, गुरंढोरं, सगळं. अनघाताईंना ते फार आवडलं. त्यांनी मुलांना तसंच लिहायला सांगितलं. खाली सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव आणि सही हवीच. मग सगळ्या वह्या पालकांसमोर मांडायच्या.

भुताची गोष्ट झाली, विंचवाचा उतारा झाला. मग प्रियदर्शिनीने विचारलं, "आज्जी, तुमच्या गावात गाय-बैल मेला की काय करायचे?"

कमलाबाई म्हणाल्या, "आमाले बोलवत. आमच्याच वस्तीनं ओढून न्यायचं. मी नऊ वर्षांची होती, शेपटाकडून धरायची."

"ईऽऽ! सो ग्रॉस, आज्जी!"

"ईऽऽ काय करते? या वहीची पाठ हुंगून पाह्य. सरस आहे तो. ढोराचं कातडं, हाडं उकळून करतात."

मित्रांनो, मला माझीच शिसारी आली! खरकट्या बोटाला नाकं मुरडणारी मी, माझ्या अंगात मेलेलं जनावर!

कमलाबाई सांगत राहिल्या, पोरगी लिहीत राहिली. बाबासाहेबांचं ऐकून वस्तीने ठरवलं, आता ओढायचं नाही. पाटलाचा बैल तीन दिवस दारात फुगून पडला. गावाने वस्तीला मीठ देणं बंद केलं, शेतावर बोलावणं बंद केलं. वस्ती उपाशी राहिली, पण हलली नाही. चौथ्या दिवशी पाटलाने नाकाला उपरणं बांधलं आणि पोरांना घेऊन स्वतः बैल ओढला. "त्या दिशी माह्या बापानं मले शाळेत नेऊन बसवलं," कमलाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी अर्जुनने ते पान वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आई, हे कशाला सांगितलंस? वर्गातले सगळे पालक वाचणार. ती विनीता, वर्गातल्या एका पोराची आई, तर एकेक ओळ वाचते. इथे कुणाला ठाऊक नाही आपण कोणत्या वस्तीतले. सुखाने राहतोय ना आपण?"

त्याने ड्रॉवरमधून करेक्शन टेप काढली आणि ओळीवर ओळ पांढरी पट्टी ओढत गेला. छ्या! झुरळं परवडली. अंगभर प्लॅस्टिकचं पापुद्र्यासारखं कातडं! वर त्याने फोनवर शोधून सुगीच्या सणाचं गोडगोड वर्णन पोरीकडून लिहून घेतलं. हिरवीगार शेतं, हसरे गावकरी. मला ओकारी यायचीच बाकी होती.

सकाळी प्रियदर्शिनी मला घेऊन आजीपुढे आली. "आज्जी, सही कर ना. नाहीतर अनघाताई घेणार नाहीत."

कमलाबाईंनी चष्मा लावून वाचलं. पेन खाली ठेवलं. "म्या हे सांगतलंच नाई. माह्यं नाव नोको याच्याखाली."

"आई, नुसती सही तर करायचीय," अर्जुन म्हणाला.

"मेलेल्या बैलाची किळस मले कधी आली नाई रे. ते सोडलं म्हणून मी शिकली, तू शिकला. किळस आज आली, तुह्या हातातली पट्टी पाहून."

अर्जुनने मला पुढ्यात ओढलं. मग नखाने पट्टी खरवडायला लागला. दुखलं मला, दोन ठिकाणी फाटलेसुद्धा. कुठे पाटील गेला, कुठे मीठ गेलं. त्याने पेन उचललं. "आई, इथलं काही वाचता येत नाहीये. मीठ बंद केलं, मग तुम्ही काय खाल्लंत?"

"हे तू कधी विचारलंच नव्हतं," कमलाबाई म्हणाल्या आणि सांगू लागल्या. अर्जुन लिहीत होता, पोरगी त्याच्या खांद्यावरून वाचत होती.

शेवटी कमलाबाईंनी बोटाला थुंकी लावली, पान उलटलं आणि सही केली. मला मळमळलं नाही.

मित्रांनो, माझी विनवणी एवढीच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती सांगतील तसंच लिहा आणि खाली त्यांचं नाव घाला. घाण वाटलं तरी पुसू नका. आणि मला हात लावण्याआधी तेवढी बोटं धुऊन या!