उलटं खोकं

मेहुण्याने पहिला घाव माझ्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर.

"दाजी, छतावर तीन मीटर भक्कम खडक आहे म्हणालात! कुठंय तो? माझ्या धाकट्याच्या छातीवर?"

काल बोगद्याचं छत कोसळून त्याचा धाकटा भाऊ गेला. खडकाच्या थरांचा नकाशा माझा होता, तेव्हा खापर माझ्याच डोक्यावर फुटणार हे उघड होतं. पण त्यासाठी मेहुण्याने हातोडाही माझाच उचलावा? दुसरा घाव कानाखाली बसला आणि मी गोदामातल्या दगडांच्या खोक्यावर तोंडघशी पडलो.

बोगद्याच्या डोंगरात चारशे मीटर जाडीचा शेल. हा दगडांमधला कारकून: करडा, पापुद्र्यापापुद्र्यांचा, तोंडावर काही दिसू देत नाही. थर बघायचे तर त्याला ओला करावा लागतो. मेहुणा ड्रिलने दगडाचे दांडे काढून खोक्यांत ओळीने लावायचा, मी ते ओले करून थर नोंदवायचो. चाळीस ते पंचेचाळीस मीटर खोलीचं खोकं तेवढं मी कोरडंच नोंदवलं होतं. जेवायची घाई होती. हे कोणालाच माहीत नव्हतं.

आता त्याच खोक्यावर माझं रक्त सांडलं आणि थर उघडे पडले. पाण्यात भरड गाळ आधी बसतो, बारीक मागून. म्हणून प्रत्येक थर खाली भरड, वर बारीक. इथे सगळं उफराटं. दांडे उलट्या टोकाकडून भरले होते. मी एक्केचाळिसाव्या मीटरला दाखवलेली निसरडी माती खरं तर चव्वेचाळिसाव्याला होती, थेट बोगद्याच्या छताला चिकटून.

हातोडा वरच्या वर थांबला. वीस वर्षं दगड काढणाऱ्याच्या नजरेतून ते सुटणार नव्हतंच.

"हे खोकं कोणी भरलं?"

"मी," मी म्हणालो. मला त्याचा संताप आला होता, जीव घ्यावा इतका. तरी "तू" म्हणायला जीभ रेटेना.

त्याने झाकण उलटून पाहिलं. आकडे त्याच्याच हातचे होते, खाली सहीसुद्धा.

"मला फसवता, दाजी?" तो हळूच म्हणाला. मग त्याने हातोडा डाव्या हातात घेतला आणि दांडे भरणारा उजवा हात खोक्याच्या कडेवर पालथा ठेवला.

"अरे, मी ते ओलं केलं नव्हतं! चूक माझी आहे, ऐक!" मी ओरडलो. त्याला ऐकूच येत नव्हतं. मोडक्या मनगटाच्या हाताने मी त्याचा दंड धरला. तोवर त्याची दोन बोटं ठेचली गेली होती आणि तो तिसऱ्यासाठी हातोडा उचलत होता.