उस्ता फहीमची पसंती

"नाही."

फहीमनं डाव्या हातानं गाडीचा ऑइल फिल्टर टेबलावरून पलीकडे ढकलला. फिल्टर घरंगळत जाऊन मिठाच्या भांड्याला टेकला.

"नाही म्हणजे काय? हाज बदवीच्या दुकानातून आणलाय. अस्सल म्हणून दिला त्यानं," इन्शिराह म्हणाली.

"नाही."

पक्षाघातानंतर नवऱ्यापाशी जे थोडे शब्द उरले होते, त्यांत 'हो' आणि 'नाही' एवढेच धडधाकट होते. उजवा हात मांडीवर पडलेला असे, उशीसारखा.

खालच्या गल्लीतून गाबर मेकॅनिकची हाक आली. "सामेहची आई! तेल कधीच गळून झालं. चहा पिऊन पिऊन माझं पोट फुगलं. देतेस का फिल्टर?"

ती बाल्कनीत गेली. "पसंत पडला नाही त्याला!"

"फिल्टर बघतोय की नवरी?"

समोरचा इस्त्रीवाला मोठ्यानं हसला. गाबरनं स्वतःच फिल्टर आणला असता, तर हे सगळं टळलं असतं. पण शुब्रा वस्तीत कुठलाच शहाणा मेकॅनिक गिऱ्हाइकाचा सुटा भाग स्वतः आणत नाही. उद्या इंजिन बिघडलं की लोक म्हणतात, यानं दुकानदाराशी संधान बांधलं. म्हणून जुना भाग वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या हाती द्यायचा आणि त्याला तौफिकियाच्या बाजारात धाडायचं, ही रीत. गेली तीस-एक वर्षं फहीम स्वतः जात असे. आज पहिल्यांदाच इन्शिराह गेली होती.

फहीमला गल्ली 'उस्ता', म्हणजे वस्ताद म्हणे; त्याची जुनी पेजो टॅक्सी आता दुसरा ड्रायव्हर चालवत होता. रोजच्या भाड्यातला अर्धा वाटा घरी येई, त्यावर औषधं आणि चूल चाले. इंजिन बसलं तर घरही बसणार होतं.

तिनं फिल्टर पुन्हा पिशवीत टाकला आणि मायक्रोबस पकडली.

तौफिकियात त्या गल्लीची सगळी दुकानं अर्ध्यावर ओढलेली होती. कुणी जुना व्यापारी वारला होता, हाज बदवी मयतीला गेला होता. शेजारचा टायरवाला म्हणाला, "ऊन कललं की, असरच्या नमाजानंतर ये, बाई." उन्हात उभं राहण्यात अर्थ नव्हता. तोच फिल्टर घेऊन ती घरी परतली.

पिशवी टेबलावर ठेवून ती पाणी प्यायला वळली. दुकान बंद होतं, हे सांगायला तोंड उघडणार, तोवर फहीमनं फिल्टर बाहेर काढलाही होता. त्यानं डोळे मिटले. रबराच्या कड्यावरून डावा अंगठा फिरवला. फिल्टर तळहातावर तोलून पाहिला.

"हो," तो म्हणाला. आणि हसला. आजारपणापासून तो असा हसला नव्हता.

सकाळी 'नाही' म्हणून ढकलला, तोच हा फिल्टर होता.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तो तिला त्याच बाजारात घेऊन गेला होता. नव्या नवरीला फिरायला न्यायची ही काय जागा, म्हणून ती फुगली होती. हाज बदवीचा बाप तेव्हा गल्ल्यावर होता. फहीमनं चार खोकी उघडायला लावली, डोळे मिटले, आणि मागं गिऱ्हाइकांची रांग थांबली. "घाई करू नका रे," म्हातारा इतरांना म्हणाला, "हा घेईल तो सगळे घ्या." नंतर कोपऱ्यावर उसाचा रस पिताना फहीम तिला सांगत होता, "खोक्यावर जाऊ नकोस. खोकं छापखान्यात होतं. रबर दाब. मऊ हवं, पण बोट काढलं की परत वर यायला हवं. कडेच्या भोकांतून काडी घाल. आतला पडदा लवचीक नसला, तर गाडी उभी असताना सगळं तेल खाली उतरतं. मग सकाळी इंजिन कोरडंच फिरतं, उपाशी माणसाला पळवल्यासारखं." ती ऐकत नव्हती. त्याच्या मिशीला लागलेला फेस बघत होती. पुढं वर्षानुवर्षं दर खेपेला तो तेच सांगत राहिला. ती भाजी निवडत हुंकार देत राहिली.

"ए सामेहची आई!" खालून गाबर ओरडला. "झाली का पसंती?"

'हो' म्हटलं की सुटका होती. खुद्द फहीमनं होकार दिला होता. कोण विचारणार होतं?

"कोथिंबीर राहिली," ती फहीमला म्हणाली आणि फिल्टर गुपचूप खोक्यात भरून, ते ओढणीआड धरून जिना उतरली. दारात गाबरला म्हणाली, "थोडं थांब. त्याला दुसरा बघायचाय."

"तू जन्मभर त्याला डोक्यावर बसवलंस, आता तो माझ्याही बसला."

"बसू दे. तुझ्या डोक्यात जागा पुष्कळ आहे."

हाज बदवी नुकताच परतला होता. तिच्या हातातलं खोकं बघून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "आता काय झालं?"

"फहीमनं परत पाठवला. म्हणाला, दुसरे दाखव."

त्यानं फळीवरून तीन काढले. इन्शिराहनं डोळे मिटून पाहिलं, पण मिटलेल्या डोळ्यांनी तिला काहीच कळेना, म्हणून उघडले. सकाळच्या फिल्टरचं रबर दाबलं. ते बोटाखाली दबलंच नाही, जुन्या चपलेच्या टाचेसारखं होतं. भोकातून काडी घातली, पडदा कडक लागला. म्हणजे सकाळचं 'नाही' खरं होतं. की तेही नुसतंच आलं होतं, दुपारच्या 'हो'सारखं? हे आता तिला कधीच कळणार नव्हतं.

तिसरा फिल्टर तिनं पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. रबर दबून वर आलं. पडदा काडीखाली वाकला.

"हा."

हाज बदवीनं सकाळचा फिल्टर उजेडात धरून स्वतः दाबला. त्याचा चेहरा उतरला. "मलाच गंडवलं त्या माल देणाऱ्यानं. रंगसुद्धा हुबेहूब." मग मान हलवून म्हणाला, "म्हणजे फहीमचा अंगठा अजून शाबूत आहे तर!"

"आहे," इन्शिराह म्हणाली.

"उजवा ना गेला होता?"

"डाव्याला सगळं येतं आता."

"सांग त्याला, बाजार आठवण काढतो."

घरी आली तेव्हा बाल्कनीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. फहीमची खुर्ची तिनं कठड्यापाशी ओढली. कोथिंबीर कुठंय, हे त्यानं विचारलं नाही. तिनं नवा फिल्टर त्याच्या हातात दिला. त्यानं डोळे मिटले, अंगठा फिरवला, तोलून पाहिला.

"हो," तो म्हणाला. अगदी दुपारसारखंच, आणि तसाच हसला.

"हो ना?" ती म्हणाली. "मग दे खाली."

बाल्कनीतून सामान खाली सोडायच्या, दोर बांधलेल्या टोपलीत फिल्टर ठेवून तिनं दोर त्याच्या डाव्या मुठीत दिला. गाबर, इस्त्रीवाला, गाडीचा ड्रायव्हर, सगळे माना वर करून बघत होते.

"काय उस्ता," गाबर ओरडला, "पसंत आहे ना? तू म्हणालास तरच लावतो!"

"हो!" फहीमचा आवाज गल्लीभर गेला.

टोपली हेलकावे खात उतरू लागली. मजल्याच्या निम्म्यावर मूठ सैलावली, दोर सुटू लागला. इन्शिराह खुर्चीमागं खाली बसली होती, कठड्याच्या आड, खालून कुणाला दिसणार नाही अशी. दोराचं मागचं टोक तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्या मुठीतून जसा सरकेल तसा हळूहळू सोडत राहिली.