रोजचं तेच चाक

सायकलचं चाक घेऊन बसमध्ये चढणाऱ्या बाईला कुणी बसायला जागा देत नाही, हे सूनबाईला आता पाठ झालं होतं. चाक मांडीवर मावत नाही, पायाशी राहत नाही. वर कंडक्टर रोज विचारणार, "बाई, बाकीची सायकल कुठाय?"

बाकीची सायकल नव्हतीच. होतं ते हे एकच चाक.

तिच्या सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, सगळा जन्म सायकलच्या दुकानात चाकं बांधण्यात गेला. हबमधून तारा ओवायच्या, रिमला अडकवायच्या, मग चावीने एकेक तार ताणत चाकाचा आउट, म्हणजे फिरतानाची डगमग, काढायचा. पुढे दुकानात तयार चाकं यायला लागली आणि मालकाने आबांना हात जोडले. आबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून जे आडवे झाले, ते जेवायलासुद्धा हाका मारून मारून उठायचे. नवरा परगावी नोकरीला. तो फोनवर "बघ काहीतरी" म्हणून मोकळा. तिने बघितलं. भंगारवाल्याकडून रिम, हब, तारा आणल्या आणि दिलं ठोकून, "मालकांनी काम पाठवलंय. गिऱ्हाइकाला हाताने बांधलेलंच चाक हवंय म्हणे."

आबा उठले. दाढीसुद्धा केली.

तेव्हापासून रोज सकाळी तयार चाक 'दुकानात' न्यायचं, म्हणजे कपड्यांच्या कारखान्यात आपल्या शिलाई मशीनखाली सरकवायचं. जेवणाच्या सुट्टीत डबा कसाबसा उरकून तारा सोडायच्या. वंगणाचं काळं कापडाला लागू नये म्हणून साल निघेपर्यंत बोटं घासायची. आणि संध्याकाळी सुटं सामान 'नवीन काम' म्हणून आबांपुढे ओतायचं.

त्या संध्याकाळी पिशवी ओतली आणि ती चपला न काढताच उंबऱ्यात बसली. आबांनी रिमवरून बोट फिरवलं.

"सूनबाई."

"हं."

"रिम इथं वाकलीय."

"सांगते मालकांना. हल्ली मालच वाईट येतो."

"माल बरा आहे. सोडणारीचा हात वाईट आहे." आबांनी चष्मा सदऱ्याला पुसला. "एका बाजूच्या तारा आधी सोडल्यास की उरलेल्या रिमला ओढतात. सगळ्यांना थोडी थोडी ढील द्यायची असते गं."

दचकायलासुद्धा तिच्यात त्राण नव्हतं. "कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. माझ्याच चावीचे ओरखडे मी ओळखणार नाही?"

"मग रोज बांधत कशाला बसलात?"

"तू एवढं बसमधून ओढत आणायचीस. नको कसं म्हणायचं? पाठ गेली माझी. जन्मभर तेच केलं, घरी बसूनही तेच. वीट आलाय."

"आणि मी समजते, आबांचा जीव रमतोय!"

"रमतोय कसला! तुला बरं वाटावं म्हणून उठत होतो."

तिला हसू आलं, पण तेही थकलेलंच. ते ओसरल्यावर तिच्या मनात आलं, आता चाक नाही, म्हणजे उद्या हे उठायचे कशासाठी? विचारायचा धीर झाला नाही. सामान परत पिशवीत भरून तिने ती आबांच्या खाटेशी ठेवून दिली, न जाणो, लागली तर.

सकाळी बघते तर आबा डोक्यावरून पांघरूण घेऊन निजलेले. पिशवी जिथल्या तिथे.

"आबा?"

"दुकान बंद आहे."

"आबा, उठा ना हो." तिचा आवाज तिलाच रडवेला वाटला.

पांघरूण हललं आणि आबांनी कूस बदलली. तोंड भिंतीकडे नव्हतं, तिच्याकडे होतं. दाढीचे खुंट पांढरे, डोळे चांगले मिश्कील.

"सुट्टी आहे गं आज. मनासारखी एकदाही घेतली नाही. उठतो जरा वेळाने, चहा मीच टाकतो. तू पण पड."

कारखान्याला अजून अवकाश होता. आज हातात न्यायचंही काही नव्हतं. ओढणी तोंडावर घेऊन ती खाटेशेजारी जमिनीवरच आडवी झाली. पिशवीतल्या तारा कुशीला टोचल्या, तशी तिने पिशवी पायाने पलीकडे ढकलली.