इंडियाला गेल्यावर करू

शारजातल्या एका फ्लॅटमध्ये कपाटावर धूळ खात पडलेली निळी बॅग म्हणजे मी, मित्रांनो. माझं एक चाक तुटलंय. मी जे सांगणार आहे ते ऐकून मोठी माणसं म्हणतील, असलं मुलांना सांगायचं नसतं. म्हणू देत! न सांगून काय झालं, तेच तर सांगायचंय.

सुरेश आणि मृणालिनीने मला बाजारातून आणलं तेव्हा मी चकचकीत होते. दर सुट्टीत मी त्यांच्या आणि त्यांच्या लेकीच्या, ओवीच्या, बरोबर पुण्याला जायचे. वर्षभर माझ्या पोटात बदाम, अत्तरं, चॉकलेटं जमायची. आणि कामंही जमायची. दाढ दुखतेय? इंडियाला गेल्यावर करू. चष्मा? इंडियाला गेल्यावर. मला त्याचा केवढा अभिमान!

मग एके दिवशी मृणालिनी दवाखान्यातून आली आणि तिने बेडरूमचं दार लावलं.

"गर्भाशयाच्या तोंडाशी एचपीव्ही नावाचा विषाणू सापडलाय. बहुतेकींचा आपोआप जातो, पण वर्षाने परत तपासायचं, म्हणाल्या डॉक्टर हाफिजा."

"आला कुठून पण?" सुरेशचा आवाज बदलला.

"विचारलं मी. शरीरसंबंधातून येतो, पण खूप वर्षं गुपचूप राहतो म्हणे. तुझ्याकडून की माझ्याकडून, कुणीच सांगू शकत नाही."

"हळू बोल, ओवी ऐकेल. मराठी मंडळात कळलं तर? पुढची तपासणी इंडियाला गेल्यावर करू."

तेवढ्यात २००८ची मंदी आली. सुरेशचा पगार कापला, तिकिटं रद्द झाली, मी कपाटावर गेले. बिल्डिंग रिकामी होऊ लागली. दुपारी व्हरांड्यात चाकांची घरघर व्हायची, लिफ्ट खाली जायची, आणि आणखी एक दार कायमचं बंद.

मित्रांनो, रिकाम्या बॅगेत आवाज साठतात. गेलेल्या बिऱ्हाडांच्या कुकरच्या शिट्ट्या, देवघरातल्या घंटा, खोकले माझ्यात घुमायचे. त्या सगळ्यांच्या तळाशी ते एक वाक्य होतं. इंडियाला गेल्यावर. चेन बंद असूनही ते बाहेर झिरपायचं. मृणालिनी पोळी लाटता लाटता थबकायची आणि माझ्याकडे बघायची. वर्ष उलटलं, दुसरंही उलटलं. तिला काहीच दुखत नव्हतं. हाच तर या दुखण्याचा हरामीपणा!

शेजारच्या सुलक्षणावहिनी हसायच्या. "अगं, दोन पोरं झाली, आता तिथं काय बघायचंय? खलास!" त्यांना मधेच रक्त जायचं. ते त्यांनी वयावर ढकललं आणि उरलेलं इंडियावर.

एका दुपारी त्यांचे यजमान वसंतराव दारात उभे राहिले. "वहिनी, तुमची बॅग द्याल? हिच्या बॅगेची चेन तुटलीय. विमान संध्याकाळचं आहे."

सुलक्षणावहिनी शवपेटीत निघाल्या होत्या. कॅन्सर कळला तोवर उशीर झाला होता. त्यांच्या साड्या माझ्यात.

वसंतराव घड्या घालत होते. काठ वाकडे, पदर चुरगळलेले. बाईची बॅग पुरुषाने भरली की आम्हाला लगेच कळतं. "जमत नाही हो, वहिनी," ते म्हणाले. मृणालिनीने प्रत्येक साडी उलगडून नीट घडी घातली.

महिन्याने मी परत आले, रिकामी. मृणालिनीने चेन उघडली. आतून नॅफ्थलीनचा वास आला, आणि एक हसू. खलास! ती झटकन मागे सरली. तिने ते ऐकलं, मी शपथेवर सांगते.

"मी उद्या जातेय. इथेच," ती सुरेशला म्हणाली.

"पण मंडळात..."

"मंडळ येणार आहे माझ्या साड्यांच्या घड्या घालायला?"

दुसऱ्या दिवशी गाडी सुरेशनेच काढली.

पेशी बदलू लागल्या होत्या. कॅन्सर अजून झाला नव्हता. तेवढा छोटा तुकडा काढला. विषाणू मात्र अजून आहे. ती त्याच्यासकट जगते, भांडते, हसते, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता जाते. ओवीच आठवण करते, "मम्मा, चेकअप टुडे! यल्ला, चल लवकर!"

मला आता कुणी काढत नाही. बरंच आहे. मित्रांनो, आज घरी गेलात की आईला विचारा, तपासणी केलीस का? ती लाजेल, रागावेल, सुट्टीत बघू म्हणेल. सोडू नका. कारण तुमच्याही कपाटावर आमच्यातली एखादी बसलेली असेल. आम्हाला काय! साड्या कुणीही भरल्या तरी आमची चेन लागते.