डुललं की काढणे

मी बोलतेय, चिनी मातीची पांढरी वाटी. माझ्या काठाचा एका जागी टवका उडालाय, तिकडे जरा काणाडोळा करा. बाकी माझं सगळं धड आहे.

भट्टीतून आम्ही सहा बहिणी एकदमच निघालो आणि कागदात गुंडाळून, एका खोक्यात बसून, एका लग्नात भेट म्हणून आलो. नवरी शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणायचे. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून ते घड्याळजी. आजही गल्लीत दोघांची खरी नावं विचारलीत तर लोक डोकं खाजवतील.

टवका उडाला तो पहिल्याच वर्षी. घड्याळजींना एकदा मदतीचा उत्साह आला आणि त्यांनी मला घासता घासता नळावर आपटलं. ज्या माणसाला केसाएवढी स्प्रिंग सापडते, त्याला एवढा मोठा नळ दिसला नाही! बाईंनी मला टाकून दिलं नाही, पण पाहुण्यांपुढे जायच्या यादीतून माझं नाव कटलं. पाच बहिणी मिरवत बाहेर जायच्या आणि मी ओट्यावरच. आधी मी खूप फुरंगटले. मग लक्षात आलं, की सगळ्यांचं वाढून झालं की बाई ओट्याला टेकून स्वतःपुरतं खातात ते माझ्यातूनच. तेव्हापासून मला बहिणींची कीव येते.

आमच्यात जे बनतं त्याचं नाव फ्रेंच आहे, क्रेम ब्रुले. अंड्याचा बलक, क्रीम, साखर, व्हॅनिला. खाली मऊ कस्टर्ड आणि वर जाळलेल्या साखरेचा काचेसारखा पातळ, कडक पापुद्रा. त्या नावापाशी घरात प्रत्येकाची जीभ अडखळायची, म्हणून आमच्याकडे ते झालं काच-कस्टर्ड.

यंदा बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पहिल्या दिवशी घड्याळजी म्हणाले, "अगं, लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा माझं वाक्य पूर्ण झालं!" बाईंनी शाळेतली पाटी उशाशी ठेवलीच होती. तिच्यावर लिहिलं, "फार चढून जाऊ नका."

चेष्टामस्करी दोन दिवस टिकली. मग घरातल्यांच्या लक्षात आलं की बाई काही खातच नाहीत. गिळताना दुखायचं, आणि दुखेल या भीतीनं तर तोंडच उघडायचं नाही. घड्याळजींची थोरली बहीण रोज सूपचा डबा घेऊन यायची. बाई तिला वन्सं म्हणतात, घड्याळजी ताई म्हणतात आणि आम्ही भांडी तिला घाबरतो. पण तिच्याही सूपचं काही चाललं नाही. डॉक्टरांनी सांगून टाकलं, "शुक्रवारी घेऊन या. तोवर खायला लागल्या नाहीत तर पुन्हा दाखल करू. नाकातून नळी घालावी लागेल." बाई काही बोलू शकत नव्हत्या, पण त्या रात्री झोप लागेपर्यंत त्यांनी घड्याळजींचा हात सोडला नाही.

मंगळवारी त्यांनी पाटीवर लिहिलं, "काच-कस्टर्ड."

उभं राहिलं की बाईंना भोवळ यायची. म्हणजे करणार कोण? घड्याळजींनी बाह्या सरसावल्या, बाईंच्या पलंगाशी त्यांची पाककृतींची वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागले. शेवटच्या ओळीला ते थांबले. "मंद ओव्हनमध्ये ठेवणे. डुललं की काढणे. अगं, वेळच लिहिलेली नाही! किती मिनिटं?"

पाटीवर उत्तर आलं, "होईल तेव्हा."

"होईल तेव्हा म्हणजे किती वाजता?"

बाईंनी पाटी उलटी ठेवली.

पहिल्या खेपेला त्यांनी उकळतं क्रीम एकदम बलकावर ओतलं आणि अंड्याच्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्या खेपेला धार बारीक धरली, मिश्रण गाळून घेतलं, आम्हाला ट्रेमध्ये कमरेइतक्या गरम पाण्यात बसवलं आणि ओव्हनमध्ये सरकवलं. तोवर सगळं छान होतं. पण मग हा माणूस स्टुलावर बसला तो नुसता बघत. दुकानात त्यांच्या टेबलावर कागद चिकटवलाय, "काम चालू असताना टेबल हलवू नये." उभा जन्म त्यांनी गिऱ्हाइकांना तेच सांगितलं. आणि कस्टर्ड झालं की नाही हे कळायला ट्रेला धक्काच द्यावा लागतो! मी आतून मनातल्या मनात ओरडत होते, अहो, हलवा ना! पण ते हात मांडीवर ठेवून बसले आणि आपल्या मनानं ठरवलेला तास पूर्ण झाल्यावरच उठले.

तोवर आमचं रबर झालं होतं, वर भोकं पडलेलं. बाईंनी एक चमचा तोंडात घेतला, गळ्यावर हात ठेवला आणि मला बाजूला सारलं. आजवर त्यांनी मला असं कधी सारलं नव्हतं. मला फार लागलं ते.

गुरुवारी सकाळी तिसरी खेप. घड्याळजी पुन्हा स्टुलावर. तेवढ्यात भिंतीला धरत धरत बाई आत आल्या. मागून ताई, "अगं, पडशील!" करत. बाईंनी ओव्हनचं दार उघडायला लावलं आणि खूण केली, हलवा.

"हलवू? आत काम चालू असताना?"

बाईंनी त्यांचा जाड हातमोजा घातलेला हात धरला, ट्रेवर टेकवला आणि हळूच ढकलला. आम्ही सगळ्याच जणी डचमळलो. बाईंनी मान हलवली, नाही. दार बंद. थोड्या वेळानं पुन्हा धक्का, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मात्र माझ्या कडेचं कस्टर्ड घट्ट बसलं होतं आणि मधलं तेवढं हललं, हसू दाबून धरलेल्या माणसाचं पोट हलतं तसं.

"हे? याला डुलणं म्हणायचं?" घड्याळजींनी विचारलं.

बाईंनी मान डोलावली. घड्याळजी कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत माझ्याकडे इतकं नीट त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

दुपारपर्यंत आम्ही गार झालो. घड्याळजींनी साखर भुरभुरवली आणि गॅसच्या छोट्या टॉर्चच्या ज्योतीनं ती जाळली. इथे मात्र त्यांचा कारागिराचा हात कामी आला. कुठे काळा डाग नाही, कुठे पांढरी साखर राहिलेली नाही. मी अशी सोनेरी कधीच दिसले नव्हते. मला पुढे करून ते निघणार, तोच ताई कडाडली, "अरे, ताळ्यावर आहेस का? तिच्या दुखऱ्या घशात काच घालतोस?"

घड्याळजी जागच्या जागी थिजले. इतकं सगळं करून हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग ते दुकानात गेले आणि डोळ्याचं भिंग नि बारीक चिमटा धुऊन घेऊन आले. बाईंच्या पलंगाशी बसून त्यांनी चमच्याच्या पाठीनं पापुद्रा फोडला. टक्! तो आवाज ऐकून बाई आठवड्यानं हसल्या. मग घड्याळजींनी भिंग लावलं आणि साखरेचा एकेक तुकडा चिमट्यानं उचलून स्वतःच्या तोंडात टाकला. पार सुईच्या टोकाएवढा कणसुद्धा. ताई मधे बोलणार होती, पण तिनं पदर तोंडाला लावला.

बाईंनी पहिला चमचा घेतला. डोळे मिटले. गिळला. मग दुसरा चमचा, मग तिसरा, आणि शेवटी माझा तळ खरवडल्याचा आवाज. बाईंनी पाटी ओढली आणि लिहिलं, "साखर कमी पडली."

घड्याळजींनी ते वाचलं आणि डोळ्याचं भिंग काढून ते चक्क रडायला लागले. ताई म्हणाली, "नावं ठेवायला लागली ना? मग झाली ही बरी."

आज शुक्रवार. सध्या मी कुठे असेन, सांगा पाहू? डॉक्टरांच्या टेबलावर! घड्याळजींनी मला न धुता रुमालात बांधून आणलंय. दाखल करायचा कागद डॉक्टरांच्या समोर आहे आणि त्याच्या शेजारी मी, कालची खरकटी. डॉक्टरांनी विचारलं, "हे काय?"

"रिकामी आहे," घड्याळजी म्हणाले. "पूर्ण रिकामी. तुम्हीच बघा."

डॉक्टरांनी मला उचललं, आत पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि तो कागद खणात टाकला.

झालं माझं सांगून. आता कुणीतरी मला लवकर घरी न्या आणि गरम पाण्यात भिजत घाला. कालपासून वाळलेल्या क्रीमनं अंगाला नुसती खाज सुटलीय, आणि संध्याकाळी मला परत भरायचंय.